तोंड एकाचं, वाक्य दुसऱ्याचं : थाई टीव्हीवरचं डबिंग

प्रश्न थोडक्यात असा होता : बँकॉकच्या हॉटेलात टीव्ही लावला तर आपलीच एक पौराणिक मालिका थाईत चालू होती. राणी, दासी आणि म्हातारी ऋषिपत्नी, तिघींना एकाच बाईचा आवाज. ओठ मिटले तरी बोलणं सुरूच. मध्येच गाणं आलं, ते मात्र हिंदीतच. आणि तरीही खोली आवरायला आलेला पोरगा हातातली चादर तशीच धरून पाच मिनिटं बघत उभा राहिला. थाई लोकांचं डबिंग इतकं ढिलं का, आणि त्यांना ते चालतं कसं?

मी मुंबईत पंचवीसेक वर्षं डबिंग करतो आहे. आधी नुसता आवाज द्यायचो, मग संवाद लिहायला लागलो, आता दिग्दर्शन करतो. मधली काही वर्षं आपल्या मालिका परदेशी जायच्या तेव्हा त्यांच्यासोबतचं सामान तयार करायचं काम माझ्याकडे होतं. सामान म्हणजे संवादांची यादी, नुसतं संगीत आणि इफेक्ट असलेला ट्रॅक, पात्रांची माहिती. त्या निमित्ताने बँकॉकमधल्या एका स्टुडिओत काही आठवडे बसलो. थाई मला कामापुरतीच येते. पण समोर कुणी डबिंग करत असेल तर तो काय सांभाळतोय आणि काय सोडून देतोय, हे भाषा न येताही कळतं. तेवढ्या बळावर लिहितो.

'ढिलं' या शब्दाशी माझं भांडण आहे. पहिल्या दिवशी मीही मनात तेच म्हणालो होतो, म्हणून तुम्हाला दोष देत नाही.

थाईत डबिंगला 'फाक' म्हणतात. (फ म्हणजे फळातला फ, फॅनमधला नव्हे. या उत्तरात पुढेही तसाच वाचा.) डबिंग करणारा तो 'नाक-फाक'. शब्द ऐकायला परका वाटतो, पण थाई लिपीत तो लिहिलेला पाहिला की शेवटी एक न उच्चारलेला 'य' दिसतो. संस्कृतातला 'वाक्य' तिकडे जाऊन 'फाक' झाला आणि जाताना आपला 'य' नुसता दाखवायला ठेवून गेला. म्हणजे आपण ज्याला इंग्रजीतून 'डबिंग' म्हणतो त्याला थाई माणूस 'वाक्य' म्हणतो, आणि हा शब्द सिनेमाच्याही आधीचा आहे. तो 'खोन'मधून आला.

खोन म्हणजे थाई दरबारी मुखवटानाट्य. विषय एकच, रामकियेन, म्हणजे त्यांचं रामायण. 2018 साली युनेस्कोने ते वारसायादीत घेतलं. राक्षस आणि वानर पूर्ण डोकं झाकणारे मुखवटे घालतात, त्यामुळे नट बोलूच शकत नाही. पूर्वी राम-सीताही मुखवट्यात असत. आज त्यांचे चेहरे उघडे असतात, पण तोंड उघडत नाही. बाजूला बसलेले निवेदक सगळ्यांची वाक्यं म्हणतात, रामाची आणि रावणाचीही, आणि नट त्यावर अंग हलवतो. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी किंवा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल तर हे लगेच लक्षात येईल. बाहुली वेगळी, बोलणारा वेगळा, आणि 'हा आवाज या बाहुलीच्या तोंडून कसा येतो' असं तिथे कुणी विचारत नाही.

थाई प्रेक्षकाच्या कानाला ही सवय शतकांची आहे. आवाज तोंडातूनच आला पाहिजे हा हट्ट आपला. त्याच्या लेखी आवाज पात्राच्या बाजूने येतो.

सिनेमा आला तेव्हा याच सवयीवर तो रुजला. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून पात्रांची वाक्यं म्हणणारे तिथे तयार झाले. त्यांचा आद्य पुरुष मानतात तो सिन सीबुनरुआंग, टोपणनाव 'थित खियाव'. थित म्हणजे भिक्षूची वस्त्रं उतरवून संसारात परतलेला माणूस, आणि हा शब्दही आपल्या 'पंडित'चं शेपूट. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याने भारतातून आलेल्या रामकथेच्या मूकपटाला खोनच्या ढंगात वाक्यं दिली, अशी हकिगत तिकडे सांगतात. मला ती फार आवडते. आपला राम, त्यांचं वाक्य.

मग बोलपट आले, तरी बोलणारा माणूस गेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर थायलंडमध्ये जवळपास सगळे देशी चित्रपट 16 मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर निघत, आणि त्यावर आवाजच नसे. स्वस्त पडायचं. प्रत्येक थिएटरात, प्रत्येक खेळाला एक जोडी बसून अख्खा चित्रपट बोलायची. रुचिरा आणि मारासी या नवरा-बायकोच्या जोडीचं नाव जाहिरातीत नटांच्या बरोबरीने असायचं. गावोगाव औषध कंपन्यांच्या गाड्या फिरायच्या. सिनेमा फुकट, पण ऐन मोक्याला थांबवून आधी औषधं विकायची, मग पुढचं रीळ. संवाद म्हणणाराच औषधही विकायचा. आपल्या जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमात आणि यात फरक एवढाच की आपल्या तंबूत पडदा बोलायचा.

त्या काळचा सगळ्यात मोठा नट मित चायबंचा. त्याने अडीचशेहून जास्त चित्रपट केले आणि 8 ऑक्टोबर 1970 रोजी चित्रीकरण चालू असताना हेलिकॉप्टरच्या शिडीवरून पडून गेला. सारा देश हळहळला. पण गावाकडच्या माणसाने त्याचा म्हणून जो आवाज वर्षानुवर्षं ऐकला, तो त्या त्या दिवशी थिएटरात बसलेल्या नाक-फाकचा होता. उत्तरेकडे आणि ईशान्येकडे तर तो तिथल्या बोलीत बोलायचा. एक नट, शंभर आवाज.

याच्या अगदी उलट टोकाला रत्तना पेस्तनजी. बँकॉकमध्ये जन्मलेला पारशी माणूस, कंपनीचं नाव 'हनुमान फिल्म'. 35 मिलिमीटरवर, नटाच्या स्वतःच्या आवाजासकट चित्रपट काढायचे हा त्याचा ध्यास होता. तोही 1970 च्या ऑगस्टमध्ये गेला. सरकारी अधिकाऱ्यांपुढे देशी चित्रपटउद्योगासाठी भाषण करताना कोसळला. त्यानंतरच्या काही वर्षांत 16 मिलिमीटर मागे पडली आणि ध्वनिमुद्रित आवाज सर्रास झाला. पेस्तनजीचं म्हणणं खरं ठरलं. पण प्रेक्षकाच्या कानातला निवेदक काही हलला नाही. तो टीव्हीत जाऊन बसला.

थायलंडमध्ये टीव्ही सुरू झाला 24 जून 1955 रोजी, बँकॉकच्या बांग खुन फ्रोम राजवाड्यातून. परदेशी मालिका आणि चित्रपट आले तेव्हा डबिंग बरेचदा थेट प्रसारण चालू असतानाच व्हायचं. कलाकार स्टुडिओत, समोर चित्र, हातात कागद, आणि बोलणं थेट हवेत. चूक झाली तर झाली. मुंबईत आम्ही एका वाक्याचे आठ-आठ टेक घेतो, त्यांच्या जुन्या पिढीचे हात रीटेकशिवाय घडलेले आहेत. अशा माणसाला 'सिंक अर्धी फ्रेम मागे आहे', म्हणजे आवाज ओठांच्या किंचित मागे पडतोय, असं सांगितलं तर तो तुमच्याकडे दयेने बघतो. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

मग मूळ आवाजाचं काय? त्याची एक सुंदर सोय होती. बरीच वर्षं थाई वाहिन्या परदेशी कार्यक्रमाचा मूळ आवाज त्याच वेळी एफएम रेडिओवरून सोडायच्या. टीव्हीचा आवाज बंद करायचा, शेजारी ट्रान्झिस्टर लावायचा, चित्र इथे आणि इंग्रजी तिथे. थाईत याला 'सियांग नाय फिम' म्हणायचे, म्हणजे 'फिल्ममधला आवाज'. शब्दातच बघा, मूळ आवाज हा फिल्ममध्ये राहणारा कुणीतरी पाहुणा, आणि घरातला आवाज तो फाकचा. कित्येकांनी असं इंग्रजी शिकून घेतलं. पुढे दुहेरी आवाजाचे टीव्ही आले आणि ट्रान्झिस्टर कपाटात गेला.

आता तुमच्या त्या तीन बायका.

मुंबईत आम्ही एकेका कलाकाराला वेगवेगळं बोलावतो. हेडफोनमध्ये पायलट म्हणजे मूळ आवाज, लूपमागून लूप म्हणजे संवादाचा एकेक छोटा तुकडा, आणि प्रत्येक पात्राचा ट्रॅक वेगळा. बँकॉकमध्ये मी पाहिलं ते असं : चार-पाच जण एकत्र, पडद्यासमोर, प्रत्येकाच्या हातात संवाद, आणि अख्खा प्रसंग एका दमात. एका बाईकडे नायिका, तिची सासू आणि गल्लीतल्या दोन पोरी. दुसरीकडे उरलेल्या सगळ्या बायका आणि एखादा लहान मुलगा. पैसा हे एक कारण आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मी एका ज्येष्ठ बाईंना विचारलं की तिन्ही पात्रं ओळखू यावीत म्हणून आवाज आणखी बदलत का नाही. त्या म्हणाल्या, कशाला, चेहरे वेगळे आहेत की. हे खोनचं तर्कशास्त्र आहे. वेगळेपण दाखवणं हे मुखवट्याचं काम, आवाजाचं काम गोष्ट पुढे नेणं.

ओठ मिटल्यावरही बोलणं चालू राहतं याचं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि ते थाई भाषेच्या हाडामांसात आहे. इथे थोडा रेंगाळतो, कारण माझ्या मते खरं कौशल्य इथेच दिसतं.

आपण 'आला' म्हणतो. शेवटी सूर चढवला की तोच शब्द प्रश्न होतो, आणखी चढवला की आश्चर्य. थाईत ही सोय नाही, कारण शब्दाचा अर्थच सुरात आहे. सूर पाच. 'मा' सपाट म्हटलं तर 'येणे', उंच म्हटलं तर 'घोडा', खालून वर चढवत नेलं तर 'कुत्रा'. आता पडद्यावर आपली नायिका भुवया उंचावून, आवाज चढवून विचारते, "आले?" थाई बाईने तिचं बघून सूर चढवला तर घरी कुत्रा यायचा. मग ती काय करते? मूळ शब्दाचा सूर जागेवर ठेवते आणि भावना शेवटच्या छोट्या शब्दांत ओतते. प्रश्नाला 'माय', आर्जवाला 'ना', लाडाला 'चा', चिडून हुकूम सोडायला 'सि'. या शेपटांचा सूर लवतो, ती ताणता येतात, त्यांच्यात रडता येतं. थाई डबिंगमध्ये अभिनय बघायचा असेल तर वाक्याच्या शेवटच्या एका अक्षराकडे कान द्या, सगळं तिथे असतं. आणि हीच शेपटं ओठ मिटल्यानंतर लोंबत राहतात. तुम्हाला जे ढिलं वाटलं ती त्या भाषेची भावना व्यक्त करायची जागा आहे.

दुसरी गंमत ओठांचीच. आपल्या धंद्यात प, फ, ब, भ, म हे शत्रू, कारण त्यांना ओठ मिटतात आणि ते दिसतं. हिंदी वाक्य 'है', 'था', 'ना' असं उघड्या तोंडाने संपतं. थाई पुरुषाचं सभ्य वाक्य संपतं 'ख्रप'वर, ओठ घट्ट मिटून. म्हणजे पडद्यावर नायकाचं तोंड उघडं आणि आवाज बंद ओठांचा. बाईचं वाक्य 'खा'वर संपतं, तिचं जमून जातं. तिथला संवादलेखक काय करतो तर पुरुषाचा 'ख्रप' कॅमेरा दुसरीकडे वळेपर्यंत लांबवतो, किंवा क्लोजअपमध्ये गाळतोच. पौराणिक मालिकेत मात्र देवच धावून येतो. राजाशी बोलताना पुरुषाने म्हणायचं शेपूट 'फयाखा' आणि बाईने म्हणायचं 'फेखा', दोन्ही उघड्या तोंडाने संपणारी. तिथल्या लेखकाने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो फक्त डबिंगवाल्यालाच समजेल.

राजांचा विषय निघालाच आहे तर पुढे सांगतो. थाईत राजघराण्यासाठी वेगळा शब्दसंग्रह आहे, नाव 'राचासप', म्हणजे चक्क 'राजशब्द'. राजा 'जेवत' नाही, 'झोपत' नाही, 'बोलत' नाही, या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे. आपल्याकडे 'महाराज पहुडले', 'वदले' असं लिहून भागतं आणि चुकलं तर कुणाला खुपत नाही. तिकडे देवाच्या किंवा राजाच्या तोंडी चुकीचं क्रियापद गेलं तर प्रेक्षकाच्या कानाला टोचतं. त्यामुळे आपल्या पौराणिक मालिकेचं भाषांतर करायला ज्येष्ठ माणूस लागतो. सीता रामाला 'सदेत फी' म्हणते. 'फी' म्हणजे थोरला भाऊ किंवा बहीण, 'सदेत' हा राजघराण्याचा मान. म्हणजे शब्दशः 'थोरले राजभाऊ'. आपल्याला हसू येईल, पण थाई बायको नवऱ्याला 'फी' म्हणतेच, आणि प्रियकर प्रेयसीला 'नोंग', म्हणजे धाकटी, म्हणतो. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे तिथे सहज 'थोरल्याचं धाकटीवर प्रेम आहे' असं होतं. अडचण अशी की लक्ष्मणही रामाला 'सदेत फी' म्हणू शकतो. वनवासातल्या प्रसंगात तिघं एकत्र असले की कोण कुणाला हाक मारतंय ते फक्त आवाजाच्या पोतावरून कळायचं. तिथे मात्र दोन वेगळे कलाकार हवेतच, आणि तिथे त्यांनी कधी काटकसर केलेली मी पाहिली नाही.

यावरून माझी एक फजिती. मालिका हिंदीतून सरळ थाईत जात नाही, मध्ये इंग्रजी असते. मी एका कौटुंबिक मालिकेची इंग्रजी संवादयादी पाठवली. तिच्यात मौसी, बुआ, चाची, मामी सगळ्या 'आंट', आणि देवर, जेठ, साला सगळे 'ब्रदर-इन-लॉ'. आठवड्याने तिकडच्या लेखकाचे प्रश्न आले, कित्येक पानं. ही आंट आईकडची की वडिलांकडची? मोठी की धाकटी? थाईत आईची किंवा वडिलांची थोरली बहीण 'पा', थोरला भाऊ 'लुंग'. पण धाकट्यांचं नातं बाजूवरून ठरतं. आईकडची धाकटी भावंडं, भाऊ असो की बहीण, 'ना', आणि वडिलांकडची 'आ'. आपल्या मावशी-आत्या-काका-मामाच्या तराजूत बाजू मोजतात, त्यांच्या तराजूत आधी वय मोजतात. दोन्हीकडे माप बारीक, आणि मी मध्ये इंग्रजीचा जाड चाळणा लावून दोघांचं पीठ सांडलं होतं. त्यानंतर प्रत्येक मालिकेसोबत मी घराण्याचा तक्ता पाठवायला लागलो, कोण कुणाहून किती मोठा यासकट. जुळे असले तरी आधी कोण जन्मला ते लिहायचं. लक्ष्मण आणि शत्रुघ्नालाही ते चुकलं नाही.

सर्वनामांचं तेच. 'मी' एकच शब्द नाही. पुरुषाचा सभ्य 'फोम', बाईचा औपचारिक 'दिछन', घरगुती 'छन', मोठ्यांपुढे लहान मुलगी किंवा तरुणी स्वतःला 'नू' म्हणते, ज्याचा शब्दार्थ उंदीर. भांडणात 'कू' आणि 'मुंग', जे टीव्हीवर जपून वापरतात. इंग्रजी संवादात 'आय' आणि 'यू' एवढंच दिसतं आणि थाई लेखक प्रत्येक वाक्याला थांबून ठरवतो की या क्षणी हे दोघं एकमेकांचे कोण आहेत. आपल्याकडे नायक नायिकेला 'तुम्ही'वरून 'तू'वर केव्हा आणतो यावर अर्धी मालिका उभी असते, तसं तिथे प्रत्येक प्रसंगात असतं.

चिनी मालिकांची तर स्वतंत्र बोलीच घडली आहे. तलवारबाजीच्या मालिकेत माणूस स्वतःला 'खा' म्हणतो, समोरच्याला 'चाव', मोठ्याला 'थान'. आज बँकॉकच्या रस्त्यावर असं कुणी बोलत नाही, पण प्रत्येकाला ते येतं, जसं आपल्याला 'आर्यपुत्र' आणि 'प्राणनाथ' येतं. नावंही मूळ आवाजातली नसतात. तीन राज्यांची चिनी महागाथा थाईत आली ती 'पहिला राम' या थाई राजाच्या राजवटीत, 1805 पूर्वीच, आणि त्या भाषांतरात नावं होक्कियन या दक्षिण चिनी बोलीच्या उच्चारांनी आली. त्यामुळे पडद्यावरचा नट 'त्साव त्साव' म्हणतो आणि थाई आवाज 'चो छो'. लिउ बेइ होतो 'लाव पी', आणि चतुर सल्लागार झुगे लियांगला तिकडे 'खोंग बेंग' याच नावाने पोरंसोरं ओळखतात. 1990च्या दशकात चॅनल 3 वर तैवानच्या न्यायाधीश बावच्या मालिकेने धुमाकूळ घातला. तिकडे तो 'पाव बुन चिन'. हा उच्चार बदलायची हिंमत कुठला लेखक करेल? आपल्याकडे कुणी शकुनीमामाला अचानक दुसऱ्या उच्चाराने हाक मारली तर काय होईल, तसंच ते.

हाँगकाँगच्या विनोदी आणि मारधाडीच्या चित्रपटांत तर नाक-फाक स्वतःच लेखक होतो. 'फन्थमित' नावाची टोळी यासाठी प्रसिद्ध. मूळ संवाद बाजूला, त्या आठवड्यातल्या थाई राजकारणावर, जाहिरातींवर, नटनट्यांवर कोट्या. पात्र पाठमोरं असलं की हमखास एक टोला. शुद्धतावादी चिडतात, आणि काही चित्रपटांचं त्यांनी वाटोळं केलं असं मलाही वाटतं. पण कित्येक थाई लोकांना ते चित्रपट मूळ आवाजात बेचव लागतात. प्रेक्षकाच्या कानातला निवेदक हलला नाही म्हणालो, तो हाच.

कार्टूनमध्ये मात्र कोट्या कमी आणि निष्ठा जास्त. डोरेमॉन चॅनल 9 वर 1982 पासून लागला आणि छन्थना थाराचान यांचा आवाज म्हणजेच डोरेमॉन असं काही पिढ्यांचं समीकरण झालं. त्याच वाहिनीवर कार्टून सादर करणारे आणि स्वतः आवाज देणारे निरन बुन्यरत्तफन यांना सारा देश 'ना तोय' म्हणतो. हा 'ना' वरचाच, आईकडच्या धाकट्या भावंडाचा. तोय मामा म्हणा. मेकाँग नदीपलीकडे लाओसमध्येही थाई वाहिन्या घरोघर दिसतात, त्यामुळे लाओ मुलांचा डोरेमॉनही थाईच बोलतो.

आपल्या मालिकांची लाट अलीकडची. 2013 च्या डिसेंबरात थायलंडने 24 व्यावसायिक डिजिटल वाहिन्यांचा लिलाव केला, 2014 च्या एप्रिलात त्या सुरू झाल्या. इतक्या वाहिन्यांचे तास भरायचे कशाने? स्वतःची मालिका काढणं महाग, तयार आणून थाईत बोलवणं स्वस्त. कोरियन, चिनी होतंच, त्यात आपल्या पौराणिक आणि नागिणींच्या मालिका आल्या. 2019 मध्ये सात वाहिन्यांनी परवाने परत केले, इतकी ओढाताण होती. चॅनल 8 वर 'सिया के राम' गाजली. तिचं डबिंग करणाऱ्यांसमोर एक अजब पेच असणार : रामकथा परकी नाहीच, प्रेक्षकाला ती पाठ आहे, फक्त वेगळी पाठ आहे. त्यांचा रावण 'थोत्सकान', म्हणजे दशकंठ. बिभीषण 'फिफेक', सुग्रीव 'सुख्रिप', जटायू 'सदायु'. त्यांच्या कथेत सीता ही थोत्सकानचीच टाकलेली मुलगी, आणि हनुमान चक्क रसिक, जलकन्येच्या प्रेमात पडणारा. तिथे आपला ब्रह्मचारी हनुमान थाईत बोलायला लागला की प्रेक्षक जरा चमकतोच. तुमचा तो चादर धरून उभा राहिलेला पोरगा कदाचित हेच बघत असेल, की ओळखीची माणसं भलतंच काय वागतायत.

माहितीपट आणि बातम्यांचं थोडक्यात सांगतो. तिथे बहुतेकदा ओठांशी जुळवायचा प्रश्न येत नाही. परदेशी माणसाचा आवाज दोन-तीन शब्द ऐकू देतात, मग खाली करून वरून थाई वाचतात. आपल्याकडेही असंच.

आणि तुमचं ते हिंदी गाणं. संगीताचा ट्रॅक आम्ही पाठवतो तेव्हा गाणं बहुतेक वेळा गायकाच्या आवाजासकटच असतं. ते पुन्हा गाऊन घ्यायचं तर नवा खर्च, नवे हक्क. म्हणून गाणं तसंच ठेवून खाली थाई ओळी देतात. स्तोत्रं तर ते मुद्दाम ठेवतात. शब्द कळले नाहीत तरी राम, सीता, लंका हे ऐकू येतंच.

पुढच्या खेपेला हॉटेलात रिमोट नीट बघा. ध्वनी किंवा ऑडिओ बदलायचं बटण असतं. काही वाहिन्यांवर काही कार्यक्रमांना त्यावर मूळ आवाज मिळतो. पण आधी दहा मिनिटं थाईतच ऐका, आणि फक्त वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर कान ठेवा.